फ्रेज कुठे संपते, क्लॉज कुठे सुरू होतो : इंग्रजी वाक्यविचाराचा आढावा

‘शी वाँट्स हिम टु लीव्ह बिफोर इट रेन्स.’ पाऊस यायच्या आत त्याने निघावं, असं तिला वाटतं. या आठ शब्दांच्या इंग्रजी वाक्यात क्लॉज किती? आपल्याकडच्या शालेय व्याकरणात उत्तर ठरलेलं आहे : दोन. ‘शी वाँट्स हिम टु लीव्ह’ हा मुख्य क्लॉज, ‘बिफोर इट रेन्स’ हा त्याला जोडलेला क्रियाविशेषण क्लॉज, आणि ‘टु लीव्ह’ ही नुसती फ्रेज. विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवणारे प्राध्यापक बहुधा तीन म्हणतील. त्यांच्या हिशेबात ‘हिम टु लीव्ह बिफोर इट रेन्स’ हाही क्लॉजच आहे आणि पावसाचा क्लॉज त्याच्या पोटात आहे. त्यांच्याच विभागातला एखादा सहकारी ‘हिम’ हा शब्द त्या क्लॉजच्या बाहेर काढेल आणि ‘बिफोर’ला उभयान्वयी अव्यय म्हणायलाही तयार होणार नाही.

यातलं कुठलंही उत्तर अज्ञानातून आलेलं नाही. फ्रेज, क्लॉज आणि सेंटेन्स या तीन संज्ञा वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजांपोटी घडत गेल्या. कधी लॅटिनचा पाया पक्का करायचा होता, कधी परीक्षा घ्यायची होती, कधी भाषेचं शास्त्र मांडायचं होतं, तर अलीकडे यंत्राकडून वाक्य वाचून घ्यायचं आहे. पाठ्यपुस्तकाच्या एकाच पानावर तिन्ही व्याख्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात, म्हणून त्या एकाच वेळी कोणीतरी ठरवून दिल्यासारख्या वाटतात. त्या कशा ठरल्या, आज त्यांच्याबद्दल कोणाचं काय म्हणणं आहे आणि काय अजून सुटलेलं नाही, ते पाहू.

लॅटिनकडून फळ्याकडे

इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण म्हणून विल्यम बुलोकरच्या १५८६ सालच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं जातं. त्याच्यापुढे नमुना होता तो लॅटिन व्याकरणाचा. पुढची दोन-अडीचशे वर्षं इंग्रजी व्याकरणाचा जीव शब्दात अडकलेला होता : शब्दाची जात, विभक्ती, वचन, काळ. वाक्यविचार म्हणजे कर्त्याचं क्रियापदाशी जुळतं की नाही आणि कोणता शब्द कोणाच्या आधीन आहे, एवढंच. रॉबर्ट लौथचं १७६२ सालचं आणि लिंडली मरेचं १७९५ सालचं अशी दोन व्याकरणं या काळात सर्वांत जास्त चालली. मरे मूळचा अमेरिकेतला. इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाल्यावर तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने हे पुस्तक लिहिलं आणि ते जगभर गेलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण सिद्ध केलं, तेव्हा त्यांच्यासमोरही मरेचा आदर्श होता.

आजच्या विद्यार्थ्याला मरेचं पुस्तक उघडून दिलं, तर तो बुचकळ्यात पडेल. तिथे वाक्याचे प्रकार दोनच आहेत, साधं आणि संयुक्त. मिश्र वाक्याला, म्हणजे कॉम्प्लेक्स सेंटेन्सला, वेगळी जागाच नाही. फ्रेजची व्याख्या तर इतकी सैल, की नीट जुळलेल्या दोन-चार शब्दांचं अख्खं वाक्यही तिच्यात बसावं.

ज्याला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो तो वाक्यविचार खरं तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा आहे, आणि त्याचं मूळ इंग्लंडमध्येही नाही. कार्ल फर्डिनांड बेकर या जर्मन व्याकरणकाराने शब्दापासून वर न चढता वाक्यापासून खाली उतरायचं ठरवलं. अख्खं वाक्य हातात घ्यायचं, त्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग काय काम करतो ते विचारायचं. उपवाक्य नामाचं काम करतं, विशेषणाचं करतं की क्रियाविशेषणाचं, ही विभागणी त्याच्याकडून आली. जे. डी. मोरेल या शाळा तपासनिसाने १८५२ मध्ये ही पद्धत इंग्रजीत आणली आणि ‘ॲनालिसिस’ हा परीक्षेचा प्रश्न झाला. तिकडे अमेरिकेत स्टीफन क्लार्कने १८४७ मध्ये शब्दांभोवती फुगे काढून वाक्य रेखाटलं. त्यातून पुढे १८७७ मध्ये ॲलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांची रेषांची आकृती आली. आडव्या रेषेवर कर्ता आणि क्रियापद, त्यांच्यामध्ये उभी रेघ, विशेषणं तिरकी खाली लोंबणारी. अमेरिकेतल्या काही शाळांत ती अजून काढली जाते.

भारतात ही पद्धत रुजवली ती जे. सी. नेसफील्डने. वायव्य प्रांत आणि अवधच्या शिक्षण खात्याचा हा प्रमुख. त्याची व्याकरणं भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहिली गेली आणि मग इंग्लंडातही खपली. १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक आलं. त्यातले पी. सी. रेन इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये होते आणि ‘बो जेस्ट’ या १९२४ सालच्या कादंबरीमुळे जगाला ठाऊक होते. इथल्या कित्येक घरांत मात्र त्यांचं नाव कादंबरीपेक्षा व्याकरणामुळेच राहिलं. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार असे रकाने आखून मराठीच्या तासाला केलेलं वाक्यपृथक्करणही याच वळणाचं आहे.

या परंपरेची कसोटी एकच आणि स्वच्छ आहे. क्लॉजला स्वतःचा कर्ता हवा आणि काळ दाखवणारं क्रियापद हवं. ते नसेल तर दोन किंवा अधिक शब्दांची ती फ्रेज. क्रियापदं मोजा, क्लॉज मोजून होतात. या कसोटीचा मोठा गुण असा, की लिहिताना पूर्णविराम कुठे देता येईल आणि कुठे देता येणार नाही, हे विद्यार्थ्याला तिच्यावरून कळतं. तिच्यावर नंतर झालेली टीका वाचताना हा गुण विसरला जातो, ते बरोबर नाही.

पहिला तडा

ही कसोटी अर्थाच्या बाजूने अपुरी पडते, हे सर्वांत स्पष्टपणे दाखवलं डॅनिश अभ्यासक ऑटो येस्पर्सनने. १९२४ सालच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये त्याने दोन नाती वेगळी केली. ‘द क्राइंग बेबी’ इथे एक शब्द दुसऱ्याला चिकटून त्याची ओळख पुरी करतो. ‘द बेबी क्राइज’ इथे मात्र एकाविषयी दुसरं काही सांगितलं जातं. या दुसऱ्या नात्याला तो नेक्सस म्हणे. आता ‘आय हर्ड द बेबी क्राय’ हे वाक्य घ्या. इथे ऐकलं काय? ऐकलं ते बाळाचं रडणं. म्हणजे ‘द बेबी क्राय’ या तीन शब्दांत सांगणारं नातं पुरेपूर आहे, फक्त काळाचा प्रत्यय नाही. शालेय पृथक्करण ‘द बेबी’ला कर्माच्या रकान्यात आणि ‘क्राय’ला पूरकाच्या रकान्यात टाकून मोकळं होतं, आणि ते नातं दोन रकान्यांमधल्या रेघेवर तुटतं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एच. डब्ल्यू. फौलर ‘आय डोन्ट लाइक हिम सिंगिंग’सारख्या रचनेविरुद्ध लिहीत होता. त्याच्या मते इथे ‘हिज सिंगिंग’च हवं, नाहीतर शब्दांचं व्याकरण लागत नाही. येस्पर्सनने जुन्या-नव्या चांगल्या लेखकांचे दाखले पुढे ठेवून ही रचना भाषेत मुरलेली असल्याचं दाखवलं. वाद ‘हिम’ की ‘हिज’ एवढ्यापुरता दिसतो. त्याच्या तळाशी प्रश्न तोच होता : काळ न दाखवणाऱ्या क्रियापदाला स्वतःचा कर्ता असू शकतो का? असू शकत असेल, तर फ्रेज आणि क्लॉज यांच्यामधली शालेय भिंत सरकवावी लागते.

शब्दांचे गट

अमेरिकेतल्या रचनावाद्यांनी वेगळ्या वाटेने सुरुवात केली. लिओनार्ड ब्लूमफील्डने १९३३ मध्ये सांगितलं, की वाक्य म्हणजे ओळीने ठेवलेले शब्द नसून गटात गट अशी रचना असते. रुलॉन वेल्सने १९४७ मध्ये ही पद्धत बांधेसूद केली. १९५७ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या नोम चॉम्स्कीने ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये तिला नियमांचं रूप दिलं : वाक्य म्हणजे एक नाम-फ्रेज आणि एक क्रियापद-फ्रेज, क्रियापद-फ्रेज म्हणजे क्रियापद आणि त्यानंतरची नाम-फ्रेज, असं खाली खाली उतरत जायचं. झाडाच्या फांद्यांसारखी ती आकृती तेव्हापासून भाषाविज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात आहे.

या विचाराचं बळ एका वाक्यावर पाहता येतं. ‘शी ब्रॉट सारीज फॉर द गर्ल्स फ्रॉम पुणे.’ मुली पुण्याच्या की साड्या पुण्याहून आणलेल्या? शब्द तेच, क्रमही तोच, तरी अर्थ दोन. मराठीत ही अडचणच येत नाही. ‘पुण्याच्या मुलींसाठी’ आणि ‘मुलींसाठी पुण्याहून’ असे प्रत्ययच वाट दाखवतात. इंग्रजीत प्रत्यय थोडे, म्हणून गट कुठे संपतो यावर सगळी भिस्त. गट ओळखण्याच्या कसोट्याही सोप्या आहेत. ‘शी ब्रॉट सारीज फॉर देम फ्रॉम पुणे’ म्हणून पाहिलं तर ‘देम’ने फक्त ‘द गर्ल्स’ची जागा घेतली, ‘फ्रॉम पुणे’ बाहेर उरलं, म्हणजे साड्या पुण्याच्या. ‘इट वॉज फॉर द गर्ल्स फ्रॉम पुणे दॅट शी ब्रॉट सारीज’ म्हटलं तर पाच शब्दांचा गट अखंड उचलला गेला, म्हणजे मुली पुण्याच्या. कुठलीही व्याख्या पाठ न करता, शब्द बदलून आणि हलवून, आठवीतली मुलगीसुद्धा हे करू शकते. माझ्या मते गेल्या शतकाने शालेय व्याकरणाला देण्याजोगी जी सर्वांत मोलाची गोष्ट दिली, ती हीच. आणि शाळेत सर्वांत कमी पोचली तीही हीच.

या वाटेने फ्रेजची व्याख्याच बदलली. फ्रेज म्हणजे एका मुख्य शब्दाभोवती जमलेला गट. मग तो शब्द एकटा असला तरी गट होतो. ‘बर्ड्स फ्लाय’मधलं ‘बर्ड्स’ हीसुद्धा नाम-फ्रेज, कारण तिच्या जागी ‘दोज टू ग्रीन बर्ड्स ऑन द वायर’ बसतं. शाळेत फ्रेजला किमान दोन शब्द लागतात, विद्यापीठात एक पुरतो. बारावीनंतर इंग्रजी घेऊन बी.ए.ला जाणारा विद्यार्थी सर्वांत आधी इथे अडखळतो, आणि दोन व्याख्यांची कामं वेगळी आहेत हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

आजच्या प्रमुख भूमिका

आज इंग्रजी वाक्यरचनेची मांडणी करणाऱ्या चार-पाच धारा आहेत.

पहिली रँडॉल्फ क्वर्क, सिडनी ग्रीनबाउम, जेफ्री लीच आणि यान स्वार्टविक यांची. त्यांचं १९८५ सालचं १७७९ पानी व्याकरण आजही शिक्षकांचा आणि पाठ्यपुस्तककारांचा मुख्य आधार आहे. क्वर्कने १९५९ मध्ये सुरू केलेला प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा संग्रह त्याच्यामागे उभा आहे. यांच्या मते क्लॉजचे घटक पाच : कर्ता, क्रियापद, कर्म, पूरक आणि क्रियाविशेषण. त्यांचे साचे सात. काळ दाखवणारं क्रियापद नसलं तरी क्लॉज होतो, आणि ‘इफ पॉसिबल’सारख्या तुकड्यात क्रियापदच नसलं तरीही होतो. साच्यांच्या संख्येवर मात्र कधी एकमत झालं नाही. सी. टी. अनियन्सने १९०४ मध्ये पाच सांगितले, आणि जपानमधल्या शाळांत ते पाच आजही शिकवले जातात. ए. एस. हॉर्नबीने १९५४ मध्ये क्रियापदांचेच पंचवीस साचे दिले. किती बारीक पाहायचं यावर आकडा ठरतो.

दुसरी धारा एम. ए. के. हॅलिडेची. त्याच्या १९८५ सालच्या व्याकरणात मध्यवर्ती एकक क्लॉज आहे. वाक्य ही लेखनातली गोष्ट, व्याकरणात असतो तो क्लॉजांचा समूह. त्याच्या क्रियापद-गटात फक्त क्रियापदं येतात, जसं ‘हॅज बीन सिंगिंग’. क्वर्क मंडळींच्या क्रियापद-फ्रेजचंही तेच. चॉम्स्कीच्या परंपरेत मात्र क्रियापद-फ्रेजमध्ये कर्मही येतं. एकच संज्ञा, दोन पुस्तकांत दोन अर्थ. वाचकाने हात टेकले तर नवल नाही.

तिसरी रॉडनी हडल्स्टन आणि जेफ्री पुलम यांची, २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणातली. नाम-उपवाक्य, विशेषण-उपवाक्य, क्रियाविशेषण-उपवाक्य ही बेकरपासूनची त्रयी त्यांनी सोडून दिली. उपवाक्य कोणाचं काम करतं यापेक्षा ते आतून कसं बांधलेलं आहे यावर त्यांनी वर्गीकरण उभारलं.

चौथी धारा गटच मानत नाही. ल्युसियाँ तेनिएर या फ्रेंच अभ्यासकाचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये आलं. त्यात क्रियापद केंद्रस्थानी आहे आणि कर्ता, कर्म, बाकीचे सगळे त्याच्यावर थेट अवलंबून. उद्देश्य आणि विधेय अशी दुभागणी तेनिएरला तर्कशास्त्रातून उसनी आणलेली वाटे. पाणिनीच्या कारकविचाराची ओळख असलेल्याला ही मांडणी परकी वाटणार नाही. हैदराबादच्या भाषा-तंत्रज्ञांनी हिंदीची वाक्यं यंत्रासाठी उकलली ती कारकांच्याच चौकटीत. १९९३ मधल्या पेन ट्रीबँक या संग्रहाने लाखो शब्दांचं इंग्रजी गटांच्या झाडात बसवलं होतं. आज अनेक भाषांसाठी एकच पद्धत वापरणारा युनिव्हर्सल डिपेंडन्सीज हा प्रकल्प नात्यांवर चालतो, आणि त्यात मराठीचाही एक छोटा संग्रह आहे.

‘हिम’ कोणाचा?

आता सुरुवातीच्या वाक्याकडे वळून दोन कळीचे प्रश्न जवळून पाहू.

‘शी वाँट्स हिम टु लीव्ह’ आणि ‘शी पर्स्वेडेड हिम टु लीव्ह’. शालेय पृथक्करणात दोन्ही वाक्यं एकाच साच्याची. पण ‘हिम’च्या जागी ‘देअर’ ठेवून पाहा. ‘शी वाँट्स देअर टु बी पीस’ चालतं, ‘शी पर्स्वेडेड देअर टु बी पीस’ अजिबात चालत नाही. मन वळवायला समोर माणूस लागतो, म्हणून ‘पर्स्वेड’चं ‘हिम’ हे त्याचं स्वतःचं कर्म. ‘वाँट’ला मात्र हवी असते ती घटना, आणि ‘हिम’ त्या घटनेचा कर्ता. मराठी बोलणाऱ्याला हा फरक आतून ठाऊक असतो, कारण आपली भाषा तो उघड करते. ‘त्याने निघावं असं तिला वाटतं’ आणि ‘तिने त्याला निघायला राजी केलं.’ पहिल्यात ‘त्याने’ निघण्याशी जोडलेला, दुसऱ्यात ‘त्याला’ राजी करण्याशी. इंग्रजीने दोन्हीकडे ‘हिम’ ठेवून फरक झाकला आहे.

वाद इथे संपत नाही. अर्थाने ‘हिम’ निघण्याचा कर्ता, पण रूपाने तो कर्मासारखा, ‘ही’ नाही. ‘बिलीव्ह’सारख्या क्रियापदांत तर तो कर्मवाच्य रचनेत सरळ पुढे येतो : ‘ही इज बिलीव्ह्ड टु बी ऑनेस्ट’. म्हणून पॉल पोस्टलने १९७४ मध्ये म्हटलं, की असा शब्द आतल्या क्लॉजमधून उठून बाहेरच्या क्रियापदाचं कर्म होतो. चॉम्स्कीने तो आतच राहतो असं धरलं. हडल्स्टन आणि पुलम कर्माच्या बाजूचे, क्वर्क मंडळी ‘वाँट’पुरती आतल्या कर्त्याच्या बाजूची. पन्नास वर्षं झाली, दोन्ही बाजूंचे पुरावे खरे आहेत, आणि बास आर्ट्ससारखे अभ्यासक म्हणतात की काही रचना दोन कोटींच्या सीमेवरच असतात. मला हे म्हणणं पटतं. तरी सीमेवर कोण आहे हे ठरवायलाही आधी सीमा आखावी लागते, हा प्रतिवादही तितकाच वजनदार आहे.

‘बिफोर’ची तीन रूपं

‘बिफोर द रेन’ : शब्दकोशात हे शब्दयोगी, म्हणजे प्रेपोझिशन. ‘बिफोर इट रेन्स’ : उभयान्वयी. ‘आय हॅव सीन हिम बिफोर’ : क्रियाविशेषण. शब्द एक, जाती तीन. येस्पर्सनने १९२४ मध्येच विचारलं होतं, की क्रियापद सकर्मक असो वा अकर्मक, ते क्रियापदच राहतं, मग ‘बिफोर’च्या पुढे नाम आलं, क्लॉज आला की काहीच आलं नाही, यावरून त्याची जात का बदलावी? हडल्स्टन-पुलम यांनी हे तडीस नेलं. त्यांच्याकडे तिन्ही ठिकाणी प्रेपोझिशनच, आणि ‘बिकॉज’सुद्धा तीच. मराठीत ‘पावसापूर्वी’, ‘पाऊस पडण्यापूर्वी’ आणि नुसतं ‘पूर्वी’ अशी तीच साखळी दिसते, आणि आपल्याकडेही पहिल्याला शब्दयोगी, शेवटच्याला क्रियाविशेषण म्हणतात.

विरोधकांचा मुद्दा व्यवहाराचा आहे. शब्दकोश, पाठ्यपुस्तकं, परीक्षा सगळीकडे जुनी नावं आहेत, आणि ‘बिफोर’नंतर क्लॉज येतो की नाम, हे विद्यार्थ्याला वेगळं सांगावंच लागतं. इंग्लंडच्या २०१४ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने या प्रश्नात जुनी बाजू धरली. क्लॉजबाबत मात्र त्याच्या शब्दसूचीने नोंदवलं, की पारंपरिक व्याकरणात काळ दाखवणारं क्रियापद लागे, आधुनिक व्याकरण त्याशिवायचेही क्लॉज मानतं. सरकारी कागदाने दोन्ही मतं मान्य करावीत हे मला स्वागतार्ह वाटतं.

बोलण्यात वाक्य असतं का?

आतापर्यंतची सगळी चर्चा लिहिलेल्या वाक्यावर चालली. चार्ल्स फ्राइजने १९५२ मध्ये टेलिफोनवरच्या संभाषणांचं ध्वनिमुद्रण, अडीच लाख शब्दांच्या घरातलं, समोर ठेवून व्याकरण लिहिलं. वाक्याच्या दोनशेहून जास्त व्याख्या उपलब्ध असूनही त्यांतली एकही कामाला येत नाही, ही त्याची तक्रार होती. आपल्याकडे भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडाच्या आरंभीच वाक्याविषयीची आठ मतं मांडली आहेत, तेव्हा हा पेच इंग्रजीचा एकट्याचा नाही.

१९९९ मध्ये डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी चार कोटी शब्दांच्या संग्रहावर व्याकरण रचलं. गप्पांमधली एक तृतीयांशाहून जास्त एककं क्लॉजच्या साच्यात बसत नाहीत, असं त्यात दिसलं. ‘मोअर टी?’ ‘नो, थँक्स.’ ‘शुअर?’ यांत कर्ता-क्रियापद गृहीत धरायचं की ही रचना जशी आहे तशीच पुरी मानायची? जुनी बाजू म्हणते अध्याहृत शब्द भरा. डेव्हिड ब्राझिलने १९९५ मध्ये सुचवलं, की बोलणारा क्षणाक्षणाला पुढे सरकत असतो, त्याच्या बोलण्याचं व्याकरणही त्याच दिशेने लिहावं. त्याची मांडणी फार पुढे गेली नाही, पण प्रश्न जागेवर आहे.

शिकवून उपयोग होतो का?

वाद सर्वांत तापतो तो वर्गाच्या दाराशी. रिचर्ड ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतलं संशोधन तपासून निष्कर्ष काढला, की औपचारिक व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही, उलट लेखनाचा वेळ खाल्ला जातो. त्यानंतर इंग्लंड-अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांतून पृथक्करण हद्दपार झालं. त्याच काळात केलॉग हंटने १९६५ मध्ये मुलांच्या लेखनाची वाढ मोजायला नवं एकक दिलं, मुख्य क्लॉज आणि त्याला लटकलेलं सगळं. त्यावरून दिसलं, की वय वाढतं तशी मुलं एका मुख्य क्लॉजमध्ये जास्त माल भरतात. मग फ्रँक ओहेअरने १९७३ मध्ये व्याकरणाची नावं न घेता फक्त छोटी वाक्यं जोडायला लावली, आणि लेखन सुधारलं. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब केला. वाक्यजोडणीचा परिणाम अधिक ०.५०, नुसत्या व्याकरण-शिकवणीचा उणे ०.३२.

पारडं पुन्हा हललं ते एक्सेटर विद्यापीठाच्या डेब्रा मायहिल यांच्या २०१२ सालच्या प्रयोगाने. लेखनाच्या कामात गुंफून शिकवलेलं व्याकरण उपयोगी पडलं, पण जास्त फायदा झाला तो आधीच चांगलं लिहिणाऱ्या मुलांना. इंग्लंडने २०१३ पासून अकरा वर्षांच्या मुलांची व्याकरणाची वेगळी परीक्षा सुरू केली. डॉमिनिक वाइज आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांवर केलेल्या चाचणीत अशा शिकवणीचा कथालेखनावर लक्षणीय परिणाम आढळला नाही.

हे सगळं इंग्रजी घरात बोलणाऱ्या मुलांचं. दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांबाबत जॉन नॉरिस आणि लूर्देस ऑर्टेगा यांच्या २००० सालच्या संकलनात उघडपणे नियम शिकवणं सरस ठरलं. त्यावरचा आक्षेप असा, की मोजमापच नियम ओळखण्याचं होतं, सहज बोलण्याचं नव्हतं. याच्या उलट टोकाला एन. एस. प्रभूंचा १९७९ ते १९८४ मधला बंगळूरू प्रकल्प आहे. नकाशे, वेळापत्रकं, कोडी सोडवताना मुलांचं लक्ष अर्थावर ठेवा, रचना आपोआप बसेल, ही त्यांची धारणा. भारतीय वर्गांतून निघून जगभर चर्चिला गेलेला हा विरळा प्रयोग.

आपल्या वर्गातले प्रश्न

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि बारावीला ‘डू ॲज डायरेक्टेड’ अजून आहे. ‘ही इज टू वीक टु वॉक’ यातलं ‘टू’ काढा म्हटलं की मुलं ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ लिहितात. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने साध्याचं मिश्र झालं. पण ‘कॅनॉट वॉक’चा कर्ता ‘ही’ आला कुठून? तो ‘टु वॉक’मध्ये आधीपासून दडलेला होता. काळ न दाखवणाऱ्या क्लॉजला शालेय व्याख्या नाकारते, आणि हा प्रश्न त्याच्याच बळावर सुटतो. शिक्षकाने एवढं दाखवलं तर पाठ केलेलं रूपांतर समजून केलेलं होईल.

मराठी माध्यमातल्या मुलांच्या चुकाही बहुतेक क्लॉजच्या सांध्यावरच होतात. ‘आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम’ असं येतं, कारण ‘त्याचं नाव काय आहे’ याचा शब्दक्रम मराठीत प्रश्न सरळ असो वा आतला, बदलत नाही. ‘द बॉय हू केम येस्टर्डे, ही इज माय ब्रदर’ यात ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ’ याचा ‘तो’ डोकावतो. तोच आशय आपण ‘काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे’ असाही मांडतो, धातुसाधित वापरून, नामाच्या आधी. इंग्रजी तो क्लॉज नामाच्या मागे, कर्ता आणि क्रियापद यांच्या मधोमध घालते, आणि वाचणाऱ्याला मुख्य क्रियापद येईपर्यंत कर्ता धरून ठेवावा लागतो.

यावरून निघणारे प्रश्न उघडे आहेत. वाक्यजोडणीचे ते आकडे इंग्रजीभाषक मुलांचे आहेत. ‘जो-तो’ची सवय असलेल्या मुलांना आधी मागचा क्लॉज शिकवावा की आधी ‘द क्राइंग बेबी’सारखी, ‘आलेला मुलगा’च्या जवळची रचना द्यावी, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. संज्ञा किती द्याव्यात, हेही नाही. आणि यंत्रांनी एक नवाच पेच टाकला आहे. जॉन ह्यूइट आणि क्रिस्टोफर मॅनिंग यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की व्याकरण न शिकवता केवळ मजकुरावर घडवलेल्या बर्ट या प्रतिमानाच्या आत शब्दांच्या अवलंबित्वाची झाडं बऱ्याच अंशी सापडतात. ती झाडं यंत्र वापरतं की आपण शोधतो म्हणून सापडतात, यावर अभ्यासक अजून दोन बाजूंना आहेत.